मागचं बटण

१

मिनलची पहिली पाळी साडेसहाची. पाचला उठायचं, डबे करायचे, बुद्धवंदना म्हणायची आणि सहाला कुरुळीच्या फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहायचं. दिवसभर उभ्यानंच गाड्यांचे प्लास्टिकचे भाग तपासायचे, कुठं ओरखडा, कुठं फुगवटा. साडेतीनला बस पुन्हा त्याच फाट्यावर सोडायची. तिथून खोलीपर्यंत दहा मिनिटं आणि दोन जिने.

दुसऱ्या जिन्यावर ती कठड्याला हात लावून थांबायची. पाय दुखतात म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे ती कानोसा घ्यायची. खोलीतून टीव्हीचा आवाज आला तर बरं. काहीच आवाज नसला तर तिचा नवरा धम्मरत्न भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, आणि मग संध्याकाळ फार लांब व्हायची.

अपघाताला आठ महिने झाले होते. धम्मरत्न तेवीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. त्या मशीनला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर आहेत याची खात्री. पण दिवसाचा आकडा गाठायचा तर दोन्ही हात बटणांवर ठेवून भागत नाही. म्हणून त्याच्या शॉपमधली, म्हणजे विभागातली, माणसं एका बटणात रबराची पट्टी कोंबून ते दाबून ठेवायची. बटण बांधणं म्हणतात त्याला. सगळे बांधायचे, साहेबही बघून न बघितल्यासारखं करायचे. धम्मरत्ननं उजवं बटण बांधलं होतं. एका दुपारी त्यानं डावं दाबलं तेव्हा उजवा हात अजून आतच होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

आता महिनाअखेरीला कंपनीच्या डॉक्टरची तपासणी होती. हात चालला तर पुन्हा प्रेस. नाही चालला तर गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

"त्यापेक्षा घरी बसलेला बरा," धम्मरत्न म्हणायचा.

"बसलाच आहात की," असं मिनलच्या ओठावर यायचं. पण ती चहा ठेवायची.

२

हाताला व्यायाम म्हणून दवाखान्यातून रबराचा चेंडू दिला होता. तो त्यानं तिसऱ्या दिवशी कपाटामागं फेकला. हे खालच्या सुमनताईंना कळलं. सुमनताई बीडकडच्या, त्यांच्या मालकांचा भंगाराचा धंदा. त्या एका रविवारी वर आल्या आणि पदराखालून एक करडी डबी काढली.

"भावजी, चेंडू दाबायचा कंटाळा आला असंल तर हे घ्या. भंगारात आलंय. चालू हाय, म्या बघितलं. टाकायचं जिवावर आलं."

"कुणाचं होतं?" मिनलनं विचारलं.

"भंगाराला कुठं नाव असतंय बाई!"

हातात धरायचा जुना व्हिडिओगेम होता तो. पडदा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. वरची चिठ्ठी घासून पांढरी झालेली. मैत्री, मिनलची मुलगी, पिंपरीला कॉलेजात होती. तिनं सेल घातले, खेळून बघितलं आणि वडिलांना समजावलं. एक छोटा माणूस असतो. त्याला फळीवरून फळीवर उड्या मारत वर वर न्यायचं. वाटेत किडे येतात, त्यांना गोळी घालायची.

"अंगठ्यानं उडी. आणि हे मागं, उजव्या कोपऱ्यात बटण आहे ना, त्यानं गोळी." मैत्री बोलता बोलता थांबली. मागचं बटण अंगठ्याशेजारच्या बोटासाठी होतं. "तुम्ही नुसत्या उड्या मारा पप्पा. अंगठ्याला व्यायाम होईल."

"मारतो. आता उड्याच मारायच्या राहिल्यात," तो म्हणाला. पण हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मैत्रीनं मोबाईलवर शोधूनही बघितलं. "आई, हा गेम कुणालाच माहीत नाही गं. एका जुन्या यादीत नाव आहे फक्त. बाकीच्यांपुढं माहिती आहे, फोटो आहेत. ह्याच्यापुढं नुसती रेघ."

३

मग रोज दुपारी जिन्यावर थांबलं की मिनलला टीव्हीऐवजी तो खेळ ऐकू यायचा. टुंई, टुंई, टुंई. तीन उड्या. थोडी शांतता. मग घसरत खाली येणारा एक सूर. तिसऱ्या फळीवर किडा यायचा, आणि गोळी घातल्याशिवाय पुढं जाता येत नसे. धम्मरत्न तिथंच मरायचा. दिवसातून दोनशे वेळा मरत असेल. पण तो उठून बसायचा, आंघोळ वेळेवर करायचा, दाढीसुद्धा करायचा. तीन उड्या, शांतता, सूर. मिनलला त्या आवाजाचा आधार वाटायला लागला.

पंधरा-एक दिवसांनी ती जिन्यावर थांबली. तीन उड्या आल्या. शांतता आली. मग टक. लाकडावर नख आपटावं तसा बारीक आवाज. आणि पुन्हा उडी. चौथी, पाचवी, सहावी. टक. टक.

मैत्री लवकर आली असेल, असं म्हणत तिनं दार ढकललं. धम्मरत्न एकटाच पलंगावर बसला होता, पाठ दाराकडे.

"कोण खेळतंय?"

"मीच की."

"गोळीचा आवाज आला."

"जमायला लागलंय," तो म्हणाला. आवाजात इतका आनंद होता की तिला पुढं विचारवेना. ती पिशवी ठेवून त्याच्या समोर जायला निघाली तसा तो पटकन वळला. "बघू नकोस मिनल. कुणी बघितलं की जमत नाही."

तिनं चहा ठेवला. गॅसकडे बघत ती विचार करत राहिली. तिसरं बोट वाकवून दाबत असतील. माणूस सवय करून घेतो. शेजारच्या शॉपमधला ज्योतीराम चार बोटं जाऊनही बिडी वळायचा, असं ऐकलं होतं.

रविवारी धम्मरत्न आंघोळीला गेला तेव्हा तिनं डबी उचलली. उजव्या हाताची दोन बोटं तिनं तळहाताकडे मुडपली आणि उरलेल्या दोन बोटांनी बटण गाठून बघितलं. तिसरं बोट मागं नेलं की डबी निसटायची. डबी धरली की बोट पोचायचं नाही. तिनं चार-पाच वेळा करून बघितलं. शेवटी सरळ आपल्या चांगल्या बोटानं ते बटण चाचपलं.

डबी थंड होती. बटण कोमट होतं, आणि किंचित ओलसर. नुकतंच कुणी बोट उचलावं तसं.

४

यानंतरचे दिवस चांगले गेले, हे मिनलला कबूल करावं लागलं. तेच तर अवघड होतं.

ती घरी यायची तर कांदा चिरून ठेवलेला असायचा, बारीक, एकसारखा. धम्मरत्नच्या सदऱ्याची बटणं लावलेली असायची. आधी ती रोज सकाळी घाईत त्याची बटणं लावायची आणि तो छताकडे बघत उभा राहायचा. मैत्रीच्या बॅगेची तुटलेली चेन त्यानं बसवून दिली. कसं केलंत म्हणून विचारलं की एकच उत्तर, "जमतंय आता." आणि कुणी बघत असलं की मात्र त्याच्या हातून पेलासुद्धा पडायचा.

"पप्पा भाव खातात," मैत्री म्हणायची. "आपण बघितलं की मुद्दाम पाडतात."

"तुझ्या आईला कामाला लावायला," तो म्हणायचा, आणि दोघं हसायचे. मिनलही हसायची. घरात हसू होतं. माणसाला आणखी काय हवं असतं?

पुढच्या रविवारी दुपारी तिचं डोकं ठणकत होतं. धम्मरत्न म्हणाला, "बस खाली. तेल लावून देतो." त्यानं वाटीत तेल कोमट केलं. ती त्याच्या पायाशी पाठ करून बसली आणि डोळे मिटले. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याची धार पत्र्यावर वाजत होती. त्याचे हात डोक्यात फिरू लागले. किती दिवसांनी कुणी तिच्या डोक्याला हात लावत होतं. तिला रडू येईल असं वाटलं.

मग नकळत तिनं मोजलं. डाव्या बाजूला पाच. उजव्या बाजूला अंगठा, आणि एक, दोन, तीन, चार.

पाण्याची धार वाजतच होती. ती हलली नाही. भास असेल, तिला वाटलं. बावीस वर्षांची सवय, डोकं आपणच उरलेलं भरून काढत असेल. असंही होत असेल. पण ह्याच बावीस वर्षांत ती धम्मरत्नची बोटं नीट ओळखत होती. खरखरीत, जाड, आणि अंगठ्याशेजारचं बोट लहानपणी मोडून वाकडं बसलेलं. आता तिच्या कानामागं फिरत होतं ते बोट सरळ होतं. मऊ होतं. त्याला लांब नख होतं. त्याच्या शेजारचंही तसंच. दोन्ही बाकीच्या बोटांपेक्षा थोडी मागं राहून फिरत होती, नवीन माणूस कामावर बघत बघत शिकतो तशी.

"अहो, नखं वाढलीत तुमची," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आला.

"छे." त्यानं दोन्ही हात तिच्या खांद्यावरून पुढं केले. तेलानं चमकणारी आठ बोटं, नखं मुळापर्यंत कापलेली. "प्रेसवाल्याची नखं कधी वाढतात का?"

५

तपासणी गुरुवारी होती. बुधवारी मिनल जिना चढली तेव्हा दुसऱ्या जिन्यावर टक टक ऐकू आली नाही. उडीही नाही. घर शांत होतं. दार नुसतं लोटलेलं.

धम्मरत्न पलंगावर बसल्या बसल्या झोपला होता, मान छातीवर. डबी मांडीवर, उजव्या हातात. पडदा चालू होता. मिनल चप्पल न काढता जवळ गेली आणि वाकून बघितलं.

छोटा माणूस खूप वर पोचला होता. फळ्या संपल्या होत्या. तो उभा होता आणि त्याच्यासमोर एक चौकोनी ठोकळा वर जात होता, खाली येत होता, वर जात होता. आणि माणसाच्या मागं किडे होते. तिनं ते इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. फिकट, आखूड, दोन ठिकाणी वाकणारे. आता ते त्याच्या अंगावर येत नव्हते. ओळीनं उभे होते, खालच्या फळीवर, त्याच्याही खालच्या, दिसत होतं तिथपर्यंत. बसच्या रांगेत माणसं उभी राहतात तसे. थकलेले, घाई नसलेले.

मग टक झालं.

धम्मरत्नचा श्वास संथ चालला होता. तिनं त्याच्या हाताकडे बघितलं. अंगठा पडद्याशेजारी सैल पडला होता. उरलेली दोन बोटं खाली डबीला लागून होती. मागच्या कोपऱ्यात, जिथं एकही बोट नव्हतं, तिथं ते छोटं बटण आत गेलं होतं आणि आतच राहिलं होतं. बांधल्यासारखं.

पडद्यावरच्या माणसानं एक पाऊल ठोकळ्याकडे टाकलं.

मिनलनं डबी ओढून काढली, सेल काढले, आणि सेल एका डब्यात व डबी दुसऱ्या डब्यात ठेवली. धम्मरत्न जागा झाला. ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो नुसता डोळे चोळत म्हणाला, "राहू दे. आता त्याची गरज नाही." आणि सदऱ्याचं वरचं बटण लावायला हात नेला. तिनं मान फिरवली. तिला बघायचं नव्हतं.

६

कंपनीची दवाखान्याची खोली लहान होती. डॉक्टर तरुण, घाईतले, बाहेर आणखी पाच जण बसलेले. घरचं एक माणूस बरोबर आणा असं सांगितलं होतं, म्हणून मिनलनं सुट्टी टाकली होती.

डॉक्टरांनी टेबलावर भोकांची पाटी आणि खिळ्यांसारख्या बारीक काड्या ठेवल्या. "एक एक उचलून भोकात बसवायची. उजव्या हातानं."

त्यांच्या देखत एकही बसली नाही. काड्या टेबलावरून खाली घरंगळल्या. धम्मरत्नच्या कपाळावर घाम आला. "साहेब, तुम्ही जरा तिकडं बघा," तो म्हणाला. "कुणी बघितलं की धीर सुटतो."

डॉक्टर हसले. "लाजाळूच आहात तुम्ही काका." ते वळून संगणकावर लिहू लागले. मिनलनं स्वतःच्या चपलांकडे नजर लावली. काड्या भोकांत पडत होत्या. टक. टक. टक. अजिबात न थांबता.

डॉक्टर वळले तेव्हा पाटी भरली होती. "अरे वा! हे भारी आहे काका." त्यांनी जुना कागद बघितला, हात बघितला, पुन्हा पाटी बघितली. मग घड्याळ बघितलं. "चला, प्रेसवर परत जायला हरकत नाही. काकू, घरी कसं आहे? वस्तू हातातून पडतात का? तुम्ही सांगा, मग मी सही करतो."

धम्मरत्ननं तिच्याकडे बघितलं. आठ महिने भिंतीकडे बघणारा माणूस आता तिच्याकडे बघत होता, डोळ्यांत लहान पोरासारखी आशा. दोन पगार येतील. तिला शनिवारी जादा पाळी करावी लागणार नाही. ती जिन्यावर कानोसा घेत थांबणार नाही. हो म्हटलं की संपलं.

मिनल रोज पहाटे पंचशील म्हणायची. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. आज सकाळीही म्हणून आली होती.

"पडतात," ती म्हणाली. "रोज पडतात साहेब. ताट पडतं, पेला पडतो. परवा गरम तेलाची वाटी पडली. आणि हे मशीनसमोर गेले की बटण बांधणार. घरी बोलून दाखवतात. आकडा झाला पाहिजे म्हणतात."

यातलं शेवटचं धम्मरत्न कधीच बोलला नव्हता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, मग उचललं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं. "गेटचं काम वाईट नसतं काका," ते हळू आवाजात म्हणाले.

धम्मरत्न उठला. सदऱ्याचं वरचं बटण सुटलेलं होतं. ते लावायला त्यानं हात नेला, आणि ते लागलं नाही.

७

चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. बस दहा पावलं चालायची आणि उभी राहायची. दुपारचं ऊन खिडकीतून येत होतं. धम्मरत्न खिडकीशी बसला, मिनल त्याच्या शेजारी. बस अर्धी रिकामी होती.

बाहेर बघतच तो म्हणाला, "का गं असं केलंस?"

खरं सांगितलं असतं तर ते खुळ्यासारखं वाटलं असतं. "मला भीती वाटली," ती म्हणाली.

"हातच गेला असता ना? अर्धा गेलाच आहे."

"तुम्ही गेला असता."

त्याचा श्वास सुटला, मोठं ओझं उतरवून ठेवल्यासारखा. "एक सांगू? त्या खोलीतून बाहेर आल्यापासून हात एकदम हलका वाटतोय. रिकामा वाटतोय. इतके दिवस कुणीतरी धरून ठेवल्यासारखा होता."

मिनलनं डोळे मिटले. पहाटे पाचपासूनची नव्हे, आठ महिन्यांची झोप तिच्या पापण्यांवर आली. वाचला माणूस. रागावेल, अबोला धरेल, गेटवर बसेल, पण संध्याकाळी घरी येईल. तिचा डावा हात दोघांच्या मध्ये सीटवर पडला होता. त्या हाताच्या मुठीत दोन बोटं अलगद शिरली.

लग्न झालं तेव्हा धम्मरत्न असाच हात धरायचा. चारचौघांत हात धरायची लाज वाटायची, म्हणून नुसती दोन बोटं अडकवायचा. म्हणजे त्यानं माफ केलं. मिनलनं मूठ मिटली. तिला इतकं बरं वाटलं की ती तशीच, डोळे मिटून, बसच्या हेलकाव्यांबरोबर हलत राहिली. बोटं थंड होती. तिच्या उबेनं हळूहळू कोमट झाली.

"मिनल, ऊठ. फाटा आला."

तिनं डोळे उघडले. धम्मरत्न उठायच्या बेतात, पुढच्या सीटचा दांडा धरून बसला होता. दोन्ही हातांनी. डाव्याची पाच, उजव्याची तीन.

मिनलनं खाली बघितलं नाही. बघितलं की जात असेल, असं तिच्या मनात आलं, तरीही मान वळली नाही. तळहातात लांब नख टेकलेलं तिला स्पष्ट कळत होतं.

"अगं ऊठ ना. बस पुढं जाईल."

"बसू द्या जरा," ती म्हणाली. उठण्याची ताकद तिच्या पायांत नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

मुठीतल्या एका बोटानं तिचा तळहात दाबला, बटण दाबावं तसा.

मिनल उठून उभी राहिली.